वाचनालयाची १८ हजार पुस्तकं वेबवर शोधता यावीत, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, साधारण १८ हजार पुस्तकं, ग्रंथपाल बाईंनी तीन-चार वर्षं खपून दाखल नोंदवहीवरून एक्सेलमध्ये उतरवलेली यादी. तुम्ही संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहात. वेबपानं बनवायचं साधन रिॲक्ट शिकून, गूगल बुक्सचा एपीआय, म्हणजे त्यांची माहिती आपल्या प्रोग्रामला मागू देणारी सोय, जोडून पुस्तकशोधाचं ॲप बनवलंत. इंग्रजी पुस्तकं छान सापडतात, मुखपृष्ठांसकट. मराठी पुस्तकं मात्र एकतर सापडतच नाहीत किंवा भलतीच येतात. आता तुम्ही विचारताय की इलास्टिकसर्च, म्हणजे शोधासाठीचं तयार सॉफ्टवेअर, घ्यावं का, आणि वाचनालयाकडे पैसे नसताना हे सगळं होस्ट कुठे करावं, म्हणजे इंटरनेटवर कुठे ठेवावं.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुमची खरी अडचण त्यांच्या आधीची आहे. गूगल बुक्समधून तुम्ही जगातली पुस्तकं शोधताय. वाचकाला हवं असतं ते आपल्या वाचनालयाच्या कपाटात काय आहे ते. शोध तुमच्या एक्सेलमध्येच घ्यायला हवा. बाहेरचा एपीआय फार तर मुखपृष्ठ किंवा पानांची संख्या आणायला वापरा, तोही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असलेल्या पुस्तकांपुरता. १३ अंकी आयएसबीएन २००७ पासून आला, त्याआधी तो १० अंकी होता, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तर मुळात नसतोच. तुमच्या वाचनालयाचा मोठा भाग अशाच पुस्तकांचा असणार. त्यामुळे आयएसबीएनला मुख्य ओळख मानू नका. तुमची खरी ओळख म्हणजे दाखल क्रमांक. तो प्रत्येक प्रतीला वेगळा असतो आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्क्याशेजारी हाताने लिहिलेला असतो.

मी आतापर्यंत चार वाचनालयांसाठी असं काम केलंय, दोन मोठ्या आणि दोन अगदी लहान. चारही ठिकाणी स्क्रीनवर दिसणारा भाग आठवड्याभरात झाला. नोंदी नीट करायला आणि मराठी शोध जमवायला महिने लागले. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी एक्सेल तपासा. कुठलाही एक मराठी सेल कॉपी करा आणि स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे. रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसली तर ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. वाचनालयाच्या संगणकावर ती मराठी दिसते, कारण तो फॉन्ट तिथे बसवलेला आहे. अशा वेळी कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि कन्व्हर्टर सगळ्यात जास्त चुकतो तो ऱ्हस्व वेलांटीची जागा आणि रफार यांवर. रूपांतरानंतर निदान ३००-४०० नोंदी ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून वाचा. त्यांना शीर्षकं पाठ असतात, चूक त्यांना लगेच दिसते. बऱ्याच याद्यांत अर्धी यादी जुन्या फॉन्टमध्ये आणि अर्धी युनिकोडमध्ये असते, कारण मध्येच संगणक बदललेला असतो. म्हणून एकच सेल तपासून थांबू नका. सुरुवातीचा, मधला, शेवटचा, असे वेगवेगळे तपासा.

एक्सेलची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. आयएसबीएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. तो संख्या म्हणून राहिला तर एक्सेल १३ अंक आखडून घातांकात दाखवतं, आणि तसंच सीएसव्हीत गेलं की शेवटचे अंक कायमचे गेले.

आता मराठी शोध का फसतो ते सांगतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एक माणूस तो टाइप करतो तेव्हा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसऱ्याचा कीबोर्ड साधा ‘र’, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. संगणकासाठी ते वेगळे, म्हणून शोध रिकामा. ‘ॲ’चंही तेच. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र ठेवून लिहायचे, काही जण हिंदीतला ‘ऍ’ वापरायचे, आणि हे तिन्ही प्रकार एकाच यादीत असू शकतात. युनिकोडचं प्रमाणित रूप करून देणारी फंक्शनं बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत तयार मिळतात, ती जरूर वापरा. पण ती या तीन ‘ॲ’ना एक करत नाहीत आणि ते न दिसणारं चिन्हही काढत नाहीत. तेवढं तुम्हालाच लिहावं लागेल.

हा झाला टायपिंगचा भाग. त्यापलीकडे लेखनाचा इतिहास आहे. १९६२ साली मराठीचे लेखननियम ठरले, त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘कवि’ असं असतं. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकावर होतं तसंच उतरवलं, आणि ते बरोबरच केलं. आजचा वाचक मात्र ‘नाव’, ‘काही’, ‘कवी’ टाइप करणार. शिवाय ‘सन्त’ की ‘संत’, ‘पण्डित’ की ‘पंडित’, हे आहेच. माझ्या एका वाचनालयात एक निवृत्त शिक्षक ‘रविंद्रनाथ’ असं शोधायचे. नोंद ‘रवींद्रनाथ’ अशी होती. पुस्तक समोरच्या कपाटात आणि पडद्यावर ‘काही सापडलं नाही’. ते म्हणाले, पुस्तक गहाळ झालं वाटतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. चूक वेलांटीची होती, आणि वाचकाच्या वेलांटीची परीक्षा घेणं हे शोधाच्या चौकटीचं काम नाही.

उपाय साधा आहे. मूळ शीर्षकाला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी एक लपलेला रकाना करायचा, मी त्याला ‘शोधरूप’ म्हणतो. मूळ शीर्षकावरून ते एका फंक्शनने बनवायचं: न दिसणारी चिन्हं काढा, ‘ऱ’चा ‘र’ करा, सगळे ‘ॲ’ साध्या ‘अ’वर आणा, दीर्घ वेलांटी आणि उकार ऱ्हस्व करा, ‘ष’चा ‘श’ करा, व्यंजनाआधीचा अर्धा ‘न’, ‘ण’, ‘म’ आणि अनुस्वार दोन्ही काढून टाका, विरामचिन्हं गाळा, आकडे एकाच लिपीत आणा. मग ‘नांव’ आणि ‘नाव’ दोन्ही ‘नाव’ होतात, ‘सन्त’ आणि ‘संत’ दोन्ही ‘सत’ होतात. ‘सत’ वाचायला विचित्र दिसतं, पण ते कुणी वाचणारच नाही. वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही हेच फंक्शन चालवायचं आणि दोन शोधरूपं एकमेकांशी ताडायची. दोन्ही बाजूंना एकच फंक्शन, हे विसरू नका. मी एकदा नोंदींसाठी पायथनमध्ये आणि ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये वेगवेगळं लिहिलं, दोन्हींत एका नियमाचा क्रम बदलला, आणि अनुस्वाराचे सगळे शब्द गायब झाले. तेव्हापासून दोन्हींना तेच ५० शब्द देऊन उत्तरं जुळतात का ते बघतो.

असं केल्यावर काही नको ती पुस्तकंही येतील, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. म्हणून क्रम लावा. जसंच्या तसं जुळलेलं सगळ्यात वर, शोधरूपाने जुळलेलं त्याखाली. वाचकाला दहा पुस्तकांत आपलं पुस्तक ओळखता येतं. रिकाम्या पानावर त्याला काहीच करता येत नाही.

विभक्तीचा प्रश्न उरतो. ‘गाव’ शोधलं तर ‘गावातील’ यायला हवं, ‘पाऊस’ शोधलं तर ‘पावसाचे’ यायला हवं. पहिलं सोपं, शब्दाची सुरुवात जुळवली की झालं. दुसऱ्यात सामान्यरूप बदलतं, ते सुरुवातीवरून जुळत नाही. इलास्टिकसर्चबद्दल तुम्ही विचारलंत ते इथे येतं. त्यात हिंदी आणि बंगालीचे तयार विश्लेषक, म्हणजे शब्दांचे प्रत्यय छाटणारे भाग, आहेत, मराठीचा नाही. हिंदीचा लावून भागेल असं वाटतं, पण हिंदीत ‘पहाड़ में’ हे दोन शब्द आहेत आणि आपल्याकडे ‘डोंगरात’ हा एक. प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून हिंदीची कात्री मराठीला पुरत नाही. शिवाय त्याला मेमरी भरपूर लागते, म्हणजे दरमहा भाड्याचा सर्व्हर आला. १८ हजार नोंदींसाठी ते घेऊ नका. ‘पाऊस–पावसा’, ‘माणूस–माणसा’, ‘देऊळ–देवळा’ अशा नेहमी लागणाऱ्या शब्दांची २००-३०० जोड्यांची यादी हाताने करा. एका वाचनालयाच्या शीर्षकांत येणारे असे शब्द तेवढेच असतात. मी ही यादी दोन रविवारांत केली होती आणि ती आजही चालू आहे.

डेटाबेस वापरायचाच असेल तर एसक्यूलाइट पुरेसं आहे, पण त्यातला पूर्णमजकूर शोध, म्हणजे एफटीएस-५, जसाच्या तसा वापरला तर मराठीत फसवतो. त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही त्याच्या दृष्टीने अक्षरं नाहीत, म्हणून तिथे तो शब्द तोडतो. ‘सह्याद्री’चे ‘सह’, ‘य’, ‘द’, ‘र’ असे चार तुकडे होतात. ‘गाव’चे ‘ग’ आणि ‘व’. ‘गोवा’चेही ‘ग’ आणि ‘व’. म्हणजे गाव शोधलं की गोवा समोर येतो. तुम्ही लिहिलंय की भलतीच पुस्तकं येतात. मध्ये हा प्रयोगही केला असेल तर कारण बहुधा हेच. टोकनायझरच्या पर्यायांत चिन्हांचे दोन्ही वर्ग, ‘एमएन’ आणि ‘एमसी’, जोडले की शब्द अख्खे राहतात. किंवा २०२० साली आलेला तीन-तीन अक्षरांचा टोकनायझर घ्या. त्यात फक्त तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध चालत नाही, आणि मराठीत ‘घर’, ‘वन’, ‘मन’ असे दोन चिन्हांचे शब्द पुष्कळ आहेत, म्हणून मी पहिला मार्ग धरतो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणार असाल तर तिथेही मात्रांचं काय होतं ते सर्व्हरच्या लोकॅलवर, म्हणजे भाषेच्या सेटिंगवर, अवलंबून असू शकतं. एक शब्द टाकून त्याचे तुकडे बघा, मगच पुढे जा.

लेखकाचं नाव हा वेगळा विषय आहे आणि वाचक सगळ्यात जास्त त्यावरूनच शोधतात. ‘पु. ल.’, ‘पु.ल.’, ‘पु ल’, ‘पुलं’, ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’, एकच माणूस. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता आरती प्रभू या नावाने आहेत आणि कादंबऱ्या खानोलकर नावाने, त्यामुळे यादीत त्यांचे दोन लेखक होऊन बसतात. लेखकांचा वेगळा तक्ता करा, प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाखाली सगळी नावं लिहा. पुस्तकावर छापलेलं नाव तसंच दाखवा, शोध मात्र सगळ्या नावांवर चालू द्या. हे काम प्रोग्रामने होत नाही. ग्रंथपाल बाई आणि गावातला एखादा मुरलेला वाचक यांना घेऊन बसा. माझ्या अनुभवात वाचनालयातल्या लोकांना या कामात फार रस येतो, आणि ॲप ‘आपलं’ झालं असं त्यांना वाटतं ते इथेच.

पुष्कळ लोक फोनवर रोमनमध्येच टाइप करतील, ‘कुसुमाग्रज’ इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्यासाठी तिसरा रकाना करतो: देवनागरीचं रोमन करून सगळे स्वर काढतो, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एक करतो, ‘एच’ गाळतो. उरतो तो व्यंजनांचा सांगाडा. लांब नावांना तो उत्तम चालतो, छोट्या शब्दांना अगदीच ढोबळ पडतो. म्हणून वाचकाने रोमन टाइप केलं असेल तरच तो वापरा.

आता डिप्लॉय, म्हणजे ॲप लोकांसाठी वेबवर चढवणं. इथे उत्तर तुमच्या वाचनालयाला काय हवं आहे त्यावर अवलंबून आहे. देवघेव, सभासद, दंड हे सगळं संगणकावर आणायचं असेल तर स्वतः लिहू नका. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं आणि २००० सालापासून वापरात असलेलं कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. त्यांची चौकशी करा. पण फक्त ‘हे पुस्तक आपल्याकडे आहे का, कुठल्या कपाटात आहे’ एवढंच सांगायचं असेल, आणि मला तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय, तर सर्व्हर लागतच नाही.

हिशोब बघा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. शीर्षक, लेखक, प्रकार, कपाट, दाखल क्रमांक मिळून एका नोंदीला सुमारे ३०० बाइट धरा. १८ हजार नोंदींचे साडेपाच एमबीच्या आत झाले. ही यादी जेसन या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली की संकुचित होऊन फोनवर जाते तेव्हा याच्या काही हिश्श्याचीच उरते, कारण देवनागरीचे बाइट फार पुनरावृत्तीचे असतात. शोधरूपं पाठवूही नका, ब्राउझरमध्येच बनवा. एकदा उतरली की शोध फोनमध्येच होतो, नेट गेलं तरी चालतो. म्हणजे तुमची साइट ही तीन-चार स्थिर फाइलींची, आणि तशा फाइली फुकट ठेवू देणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, गिटहब पेजेस त्यातलीच एक. तुमचं रिॲक्टही त्यात बसतं, टाकून द्यायची गरज नाही.

फुकटच्या सर्व्हरचा एक अनुभव सांगतो. एका वाचनालयासाठी मी तसा घेतला होता. पंधरा मिनिटं कुणी आलं नाही की तो झोपायचा आणि पुढच्या माणसाला जवळपास मिनिटभर कोरं पान दिसायचं. संध्याकाळी वाचनालय उघडल्यावर पहिला वाचक यायचा, पान उघडायचं नाही, तो निघून जायचा. ग्रंथपालांनी ‘बंद पडलंय’ म्हणून पाटीच लावली. स्थिर फाइलींना झोप नाही, बंद पडण्यासारखं त्यांत काहीच नाही.

अद्ययावत करण्याची पद्धत बाईंच्या सवयीप्रमाणेच ठेवा. त्या एक्सेलमध्येच लिहीत राहतील. महिन्यातून एकदा तुमची स्क्रिप्ट ते एक्सेल वाचेल, चुका दाखवेल, नवी फाइल बनवेल. चुका म्हणजे दोनदा आलेला दाखल क्रमांक, रिकामा लेखक, शीर्षकात शिरलेलं रोमन अक्षर. हा अहवाल मराठीत आणि ओळ क्रमांकासह छापा, म्हणजे त्या स्वतःच दुरुस्त करतील. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर शोधात एकच नोंद दाखवा आणि खाली ‘४ प्रती’ लिहा. पुस्तक आत आहे की कुणी नेलंय, हे देवघेव वहीवर चालत असेल तर दाखवूच नका. ‘उपलब्ध’ असं वाचून कुणी एसटीने येईल आणि पुस्तक नसेल, तर तो पुन्हा तुमच्या साइटवर विश्वास ठेवणार नाही. आणि सभासदांची नावं, कुणी काय वाचलं, यातलं काहीही वेबवर जाता कामा नये.

डोमेन घेणार असाल तर ते वाचनालयाच्या ईमेलवर आणि वाचनालयाच्या खात्यातून पैसे भरून घ्या. एका ठिकाणी ते एका उत्साही स्वयंसेवकाच्या नावावर होतं. तो नोकरीसाठी परदेशी गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि एके दिवशी वाचनालयाच्या नावावर दुसऱ्याच कुणाची जाहिरात दिसू लागली. पासवर्ड, स्क्रिप्ट कशी चालवायची, फाइल कुठे चढवायची, हे दोन पानांत मराठीत लिहून दाखल नोंदवहीच्या कपाटात ठेवा. तुमचं शिक्षण संपेल, तुम्ही पुण्याला किंवा आणखी कुठे जाल. पुढच्या मुलाला हे सापडलं पाहिजे.

सगळं ऐकून खूप वाटलं तर क्रम एवढाच धरा: एक्सेलची तपासणी, शोधरूप, लेखकांचा तक्ता, मग स्थिर साइट. आणि कोड लिहिण्याआधी दोन संध्याकाळी वाचनालयात खिडकीपाशी बसा. वाचक पुस्तक कसं मागतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, निदान ५० मागण्या. अर्धवट नाव, चुकलेलं शीर्षक, नुसतं आडनाव, सगळं तसंच. तीच तुमची चाचणी. फंक्शनमध्ये प्रत्येक बदल केल्यावर त्या पन्नासांपैकी किती सापडतात ते मोजा. साइट सुरू झाल्यावर ज्या शोधांना काहीच सापडलं नाही तेवढे शब्द, माणसाची ओळख न ठेवता, कुठेतरी जमा करा आणि दर महिन्याला वाचा. एखादं पुस्तक खरंच नसेल तर ती यादी बाईंना द्या, पुढच्या खरेदीच्या वेळी त्यांना उपयोगी पडते.

जुन्या फॉन्टची भानगड निघाली तर यादीतल्या पाच-सहा ओळी इथे टाका, कुठला फॉन्ट आहे ते ओळखून सांगतो.